विषय: घरातल्या स्वयंपाकासाठी डब्यावरची गॅस शेगडी – कुठली घ्यावी?

प्रेषक: नवी सभासद

नमस्कार मंडळी,

भाड्याच्या घरात विजेची जुनी शेगडी आहे. तापायला वेळ लावते आणि आच कमी केली तरी ऐकत नाही, भांडंच उचलून बाजूला ठेवावं लागतं. मला ज्योत दिसली की अंदाज येतो. म्हणून गॅसच्या डब्यावर चालणारी, काम झालं की कपाटात जाणारी शेगडी घ्यावी असं मनात आहे. शोधायला गेले तर कुठे किलोवॅट, कुठे बीटीयू. एकीवर "फक्त उघड्यावर वापरा" असं बजावलेलं, तर हुबेहूब तशाच दुसरीवर काहीच नाही.

दोन माणसांचा रोजचा स्वयंपाक. मध्यम कुकर, एक कढई, एक मोठा तवा. एक डबा किती वेळ पुरतो आणि घेताना नेमकं काय बघायचं, एवढं कुणी सांगेल का?

प्रेषक: काका

ताई, स. न.

गॅस उपकरणांच्या तपासणीतच नोकरी गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी कुठल्या घ्यायच्या नाहीत ते सांगतो. गिर्यारोहक वापरतात ती डब्याच्या डोक्यावर फिरकीने बसणारी चिमुकली शेगडी घरात नको. वजन वर, बूड खाली अरुंद. कुकर ठेवलात की जरा धक्का लागला तरी सगळं आडवं. प्रोपेनच्या जाड बाटलीवरची दोन बर्नरची शेगडी अंगणासाठी असते, ती अंगणातच राहू द्या. उरते ती बसकी, चौकोनी शेगडी, जिच्या एका बाजूच्या कप्प्यात ब्यूटेनचा लांबट डबा आडवा बसतो. १९६९ साली जपानच्या इवातानी कंपनीने रबरी नळीची गरज नसलेली अशी शेगडी बाजारात आणली आणि आज जगभर तोच घाट चालतो. तुम्हाला हीच हवी.

आता आकडे. किलोवॅट आणि बीटीयू, दोन्ही ज्योतीची ताकद सांगणारी मापं. १ किलोवॅट म्हणजे सुमारे ३४०० बीटीयू प्रति तास. म्हणजे "१०,००० बीटीयू" असं ठळक छापलेली शेगडी साधारण २.९ किलोवॅटची. दोन माणसांना २ ते २.५ किलोवॅट भरपूर झाले. डब्यात बहुधा २२० ते २५० ग्रॅम ब्यूटेन असतो. २.२ किलोवॅटची शेगडी पूर्ण ज्योतीवर तासाला १६० ग्रॅमच्या आसपास गॅस खाते, म्हणजे डबा जेमतेम दीड तास. ३.५ किलोवॅटची घेतलीत तर तोच डबा तासाभरात रिकामा. मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका. मोठी ज्योत लहान भांड्याच्या कडेने वर निघून जाते आणि आपण कढईचे कान तापवत बसतो.

आकड्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती एक पत्र्याची पट्टी. डब्यातला गॅस द्रवरूप असतो. त्याची वाफ होताना तो स्वतःची उष्णता खर्च करतो आणि डबा गार पडत जातो. ब्यूटेन उणे अर्धा अंशाच्या खाली स्वतःहून वाफ होऊन बाहेर यायला तयारच नसतो. त्यामुळे थंड स्वयंपाकघरात डबा निम्मा झाला की ज्योत मलूल होते आणि माणसं डबा संपला समजून टाकून देतात. चांगल्या शेगडीत बर्नरपासून डब्याच्या कप्प्यापर्यंत धातूची पट्टी नेलेली असते, ती थोडीशी ऊब डब्याला पोचवते. ती असेल तर डबा तळापर्यंत वापरला जातो. नसेल म्हणून डब्यावर गरम पाणी ओतणं, तो दुसऱ्या शेगडीजवळ ठेवणं, हे प्रकार मात्र कृपा करून नकोत.

ही ऊब हाताबाहेर गेली की काय होतं? २० अंशांना डब्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बारने (१ बार म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेच्या दाबाइतका) जास्त असतो. ५० अंशांना तोच ४ बारच्या घरात जातो. म्हणून डब्यावर "५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका" असं लिहिलेलं असतं. या शेगड्यांचे जे स्फोट होतात, त्यांतल्या पुष्कळांच्या मुळाशी हेच असतं: बर्नरवर एवढं रुंद भांडं ठेवलं की ते डब्याच्या कप्प्यावर आलं आणि त्याच्या बुडाची धग खाली डब्यावर परतली. दोन शेगड्या एकमेकींना चिकटवून त्यांवर एक लांबलचक तवा ठेवणं हा त्याचाच थोरला भाऊ. शेगडीभोवती पत्रा किंवा फॉइल उभं करूनही तेच होतं.

तेव्हा ताई, तुमचा तो "मोठा तवा" आधी मोजा. पुस्तिकेत भांड्याचा कमाल व्यास लिहिलेला असतो. तो लिहिलेलाच नसेल तर ती शेगडी घेऊ नका.

दाब वाढला की गॅस आपोआप तोडणारी झडप तर हवीच. खोक्यावर तिचा उल्लेख असतो. डब्याच्या कडेलाही दाब अति झाल्यास गॅस सोडून देणाऱ्या बारीक खाचा केलेले डबे मिळतात. मिळाले तर तेच घ्या, किमतीतला फरक चिल्लर असतो.

— काका

प्रेषक: वहिनी

काका, माहिती उत्तम. पण एक गोष्ट राहिली, आणि ती पहिली यायला हवी होती. ही शेगडी घरात पेटणार आहे.

एक डबा जाळायला सुमारे तीन घनमीटर हवा लागते आणि त्यातून साडेतीनशे ग्रॅम पाणी तयार होतं. खिडक्या घट्ट लावलेल्या लहान घरात काचांवर ओल दिसते ती त्याचीच. ओल दिसते तरी. हवा कमी पडली की तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. गॅसला जो घाण वास मुद्दाम दिलेला असतो तो न जळलेल्या गॅसचा. मोनॉक्साइडला तो नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं थकवा आला असेल.

म्हणून खिडकी उघडी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा चालू, दोन्ही. चुलीवरचा तो जाळीतून हवा गाळून पुन्हा घरातच सोडणारा पंखा यात धरू नका, तो तेलकट वास कमी करतो, बाकी काही नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विकत घ्या. धुराचा अलार्म ते काम करत नाही. आणि मोनॉक्साइडचा अलार्म गॅसगळती सांगत नाही, हेही लक्षात ठेवा. ब्यूटेन हवेच्या दुप्पट जड, गळला की जमिनीलगत साचतो. वास आला तर विजेचं बटण चालू-बंद काहीच करू नका, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.

आता माझं खरं मत. रोजच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला ही शेगडी नकोच. सुटी इंडक्शन घ्या. उघड्या ज्योतीची निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता वाया जाते, इंडक्शनची ८५ टक्क्यांच्या आसपास भांड्यात उतरते. म्हणजे २ किलोवॅटच्या गॅसचं काम १ किलोवॅटच्या थोड्या पुढच्या इंडक्शनवर होतं. शिवाय आच कमी केली की त्या क्षणी कमी होते, ताईंची मूळ तक्रार तीच होती ना? दर दोन-तीन दिवसांनी एक पत्र्याचा डबा कचऱ्यात टाकायचा, हे मला तर पटत नाही.

— वहिनी

प्रेषक: दादा

वहिनी, सगळ्यांच्या घरी नाही जमत हो. आमच्या इमारतीत स्वयंपाकघराच्या एकाच लाइनवर किटली आणि इंडक्शन एकत्र लावली की फ्यूज उडतो. गोल बुडाची कढई इंडक्शनवर चालत नाही, ॲल्युमिनियमचा कुकर तर नाहीच नाही. आणि वादळात वीज गेली की इंडक्शन म्हणजे काचेची पाटी. गॅसची एक शेगडी घरात असावीच.

— दादा

प्रेषक: सचिव

मंडळी, चर्चा छान चालली आहे. मधेच दोन ओळी.

भाडेकरार आणि घराच्या विम्याची कागदपत्रं आधी वाचा. पुष्कळ इमारतींत घरात गॅसचे डबे ठेवायला मनाई असते. आणि "उत्तर सर्वांना" दाबताना मागचे सगळे मेल खाली चिकटलेले राहतात, ते कापून पाठवावेत ही नेहमीची विनंती.

प्रेषक: नवी सभासद

सर्वांचे आभार. करार वाचला, त्यात विजेशिवाय दुसऱ्या शेगडीला बंदी नाही, पण घरमालकांना विचारून लेखी होकार घेतला.

वहिनींचं ऐकून एक साधी इंडक्शन घ्यायचं ठरवलं आहे, रोजचं त्यावर. गॅस फक्त कढईसाठी आणि वीज गेल्यावर. आता दोन शेगड्यांत अडकले आहे. पहिली ३.५ किलोवॅटची, भोवती वाऱ्याची आड, पेटी सुंदर, पण "उघड्यावर वापरण्यासाठी" असं लिहिलंय. दुसरी २.३ किलोवॅटची, काका म्हणाले ती पट्टी आहे, दाबाची झडप आहे, व्यासही लिहिलेला आहे. दिसायला अगदीच साधी. आणखी एक तिसरी आहे जी डब्यावरही चालते आणि नळी लावून मोठ्या सिलिंडरवरही. ती घेतली तर दोन्ही सोयी होतील का?

प्रेषक: काका

दुसरी.

"उघड्यावर" हे शब्द विक्रेत्याने उगाच छापलेले नसतात. तुमच्या देशातल्या प्रमाणचिन्हासाठी ती शेगडी कशी तपासली गेली ते त्यातून कळतं. एकाच घाटाची शेगडी एका देशात जेवणाच्या टेबलावर ठेवायला मान्य असते आणि दुसऱ्या देशात घराबाहेरच. म्हणून दुसऱ्या देशातल्या नातेवाइकाने घरात वापरली, हा पुरावा होत नाही. दुसरीच्या पुस्तिकेतही घरात वापरण्याबद्दल काय लिहिलंय ते घेण्याआधी शब्दन् शब्द वाचा. तिथेही मनाई असेल तर वहिनींचा पक्ष जिंकला असं समजा आणि गॅस गॅलरीपुरता ठेवा.

तिसरी नको. दोन इंधनं म्हणजे एक सांधा जास्त, एक रेग्युलेटर जास्त, एक जुनी होणारी नळी जास्त. फिरकीचा डबा आडव्या शेगडीला जोडणारी अडॅप्टरं विकतात, ती तर हातातही घेऊ नका.

कढईबद्दल: गोल बूड चार टेकूंवर डुगडुगत असेल तर कढई सपाट बुडाची घ्या. तेल तापलेलं असताना हा प्रयोग करायचा नसतो. मंद आच बघायची असेल तर ज्योत सगळ्यात बारीक करून समोरून झुळूक येऊ द्या. विझली तर त्या शेगडीवर तासभर मंद शिजवत ठेवून दुसऱ्या खोलीत जाता येणार नाही, कारण ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारी सोय यांतल्या बऱ्याच शेगड्यांत नसते. कुकर इंडक्शनवर चालेल असा घ्या, म्हणजे तो प्रश्नच मिटला.

ज्योत निळी हवी. पिवळी टोकं दिसू लागली, भांड्याच्या बुडाला काजळी धरली तर बर्नरची भोकं साफ करा. तरीही पिवळीच राहिली तर शेगडी बाद.

— काका

प्रेषक: नवी सभासद

दुसरीच मागवली. पुस्तिका आधी वाचली, खिडकी उघडी ठेवून घरात चालते असं स्पष्ट लिहिलंय. डबा बसवताना त्याच्या तोंडाभोवतीच्या कॉलरवरची खाच कुठे यायला हवी? आणि वापर झाला की डबा आतच ठेवला तर चालतो का?

प्रेषक: काका

खाच शेगडीतल्या खुणेसमोर, बहुतेकांत ती वरच्या बाजूला येते. डब्याच्या आत एक वाकडी नळी असते. खाच जागेवर असली की तिचं तोंड वर, वाफेत राहतं. डबा फिरवून कसाबसा बसवलात तर तोंड द्रवात बुडतं, नुसता द्रव बर्नरकडे येतो आणि ज्योत हातभर उसळते. बसवल्यावर सांध्याला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे येता कामा नयेत. पेटवण्याआधी पुसून घ्या.

काम झालं की कुलूप-दांडी सोडून डबा बाहेर काढा, टोपण लावा, गार कपाटात उभा ठेवा. शेगडीच्या पोटात ठेवून वर इंडक्शन चालवणारे लोक मी पाहिले आहेत. गाडीच्या डिकीत साठा नको. विमानात डबा कुठल्याच सामानात चालत नाही, भरलेला नाही आणि अर्धाही नाही. डब्यातलं रबर वाळतं. जपानमधल्या उद्योगसंघटनेचा सल्ला डबा बनल्यापासून ७ वर्षांत आणि शेगडी १० वर्षांत बदलावी असा आहे. दोन्हींवरच्या तारखा बघूनच घ्या. स्वस्त पडतं म्हणून रिकामे डबे घरी भरून घेण्याचे व्हिडिओ फिरतात, ते मला पाठवू नका.

— काका

प्रेषक: दादा

काका, रिकाम्या डब्याचं काय करायचं? भोक पाडून टाकायचा ना?

प्रेषक: काका

पालिकेला विचारा. काही ठिकाणी भोक पाडलेलाच घेतात, काही ठिकाणी भोक पाडायला सक्त मनाई आहे. हलवून द्रवाचा आवाज येत असेल तर तो रिकामा नाही, शेगडीवर लावून संपवा.