नान्सेन पासपोर्ट म्हणजे नागरिकत्व का?

प्रश्न (सांगली): रविवारी वाचनालयात पोरांसमोर निर्वासितांवर बोलायचंय. रशियन साम्राज्य कोसळल्यावर लोकांना नान्सेन पासपोर्ट (निर्वासितांचे उच्चायुक्त नान्सेन यांच्या नावाचा प्रवास-दाखला) मिळाला, म्हणजे नागरिकत्वच मिळालं का हो?

उत्तर (सातारा): नाही! १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने परवानगीविना देश सोडलेल्यांचं नागरिकत्व काढलं. कागदाविना सीमा ओलांडता येईना. १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) ठरवलेला हा दाखला माणूस जिथे राहतो तोच देश द्यायचा. १९२४ पासून आर्मेनियनांनाही. मेख अशी, की त्यात परतण्याचा हक्क नव्हता. कामासाठी शेजारच्या देशात गेलात, तर दाखला देणाराच दार लावू शकायचा. १९२६ मध्ये परतीच्या व्हिसाची शिफारस झाली, पण शिफारसच ती. दाखल्यावर चिकटवायचं पाच सुवर्ण फ्रँकचं तिकीटही तेव्हापासूनच. पैसा निर्वासितांच्या मदतीला.

उत्तर (मिरज): ग्रीस-तुर्कस्तान यात मिसळू नका, सर. तिथली लोकांची अदलाबदल ३० जानेवारी १९२३ च्या लोझान करारानुसार, सक्तीची आणि धर्मावरून. म्हणून तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान वगळले होते. अदलाबदल झालेल्यांना नवं नागरिकत्व लगेच मिळालं, म्हणून नान्सेन दाखला लागला नाही.

प्रश्नकर्ता: परतीच्या हक्काचा मुद्दा आधी घेतो.