मुहद्दिसांनी (हदीस पारखणाऱ्या विद्वानांनी) फक्त सनद (हदीस सांगणाऱ्यांची साखळी) पाहिली का?

सायली_मिरज: ‘मुहद्दिसांनी हदीस (पैगंबरांच्या वचन-कृतींची नोंद) पारखलीच नाही, आपल्या माणसांची नावे पाहून शिक्के मारले’ असे काल इथे कोणी ठासून लिहिले आहे, ते वाचून गप्प बसवत नाही. आपलीच माणसे सांभाळायची असती, तर मुहद्दिस अली इब्न अल-मदीनी यांनी स्वतःच्या वडिलांना ‘जईफ’ (कमकुवत) ठरवले नसते. मुहद्दिस शुअबांचे (मृत्यू 776) उदाहरण घ्या. वुजूविषयीची (नमाजआधीच्या शुद्धीविषयीची) एक हदीस रावीने (ती सांगणाऱ्याने) खरोखर थेट ऐकली होती का, एवढ्या शंकेपोटी ते मक्का, मदिना, बसरा असे माणसांमागून माणसे गाठत गेले, आणि साखळीच्या टोकाला शह्र इब्न हौशब हे नाव निघताच त्यांनी त्या हदीसचा नाद सोडला.

मुक्तचिंतन: ते विधान माझे आहे. ज्या शह्रला शुअबांनी टाकले, त्यालाच दुसरे मुहद्दिस यह्या इब्न मईन ‘सिका’ (भरवशाचा) म्हणतात. मग कसोटी उरली कुठे? आणि मजकूर कोणी तपासला?

रफीक_सोलापूर: हदीसशास्त्राचे विद्वान इब्न अस-सलाह यांनी अस्सल हदीससाठी दिलेल्या पाच अटी वाचा. अखंड सनद, रावीचे चारित्र्य आणि अचूकता यांपुढे आणखी दोन आहेत: अधिक भरवशाच्या रावींशी विसंगती नसावी आणि छुपा दोष नसावा. या दोन्ही मजकुरालाही लागतात. मुहद्दिस दारकुतनींनी तर बुखारी आणि मुस्लिम यांच्या, सर्वांत भरवशाच्या मानल्या जाणाऱ्या संग्रहांतल्या हदीसांवरही बोट ठेवले.

तन्वीर: मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. ‘ज्ञानासाठी चीनलाही जा’ ही हदीस आमच्याकडे ईद मिलनाचा प्रत्येक पाहुणा ऐकवतो. विद्वान इब्न अल-जौजींनी ती बनावट हदीसांत टाकलेली आहे, हे मी एकदा उभे राहून सांगितले, तर संयोजकांनी माझ्या हातातला माईकच काढून घेतला.

सुनंदा: संदेश चांगला असताना एवढा हट्ट कशाला? फजाइलच्या (सत्कृत्यांचे महत्त्व सांगण्याच्या) बाबतीत जईफ हदीस चालते, असे इमाम अहमद यांच्यापासून मानत आले आहेत.

तन्वीर: ताई, सवलत जईफला आहे, मौजूला (बनावट हदीसला) नाही! पैगंबर जे बोललेच नाहीत, ते चांगले आहे म्हणून त्यांच्या तोंडी घालणारेही होतेच, आणि त्यांना अडवण्यासाठीच या विद्वानांनी आयुष्ये वेचली.

मुक्तचिंतन: चीनचे मान्य करतो, नाइलाजाने. शह्रचे उत्तर मात्र कोणीच दिलेले नाही.

सायली_मिरज: घ्या. नंतरचे मुहद्दिस इब्न हजर (मृत्यू 1449) यांनी आधीची सगळी उलटसुलट मते समोर ठेवून शह्रविषयी शेरा लिहिला: सच्चा, पण दुवे फार गाळतो आणि चुकाही फार करतो. अशा रावीची एकट्याची हदीस घ्यायची की दुसऱ्या सनदेचा आधार शोधायचा, यावर वाद झाले आणि ते ग्रंथांत नावानिशी नोंदलेले आहेत. शिक्के मारणाऱ्यांनी आपापसांतले मतभेद असे लिहून ठेवले असते का?