यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक): गावात प्लग काळा, हायवेला पांढरा. जेट वाढवू की कमी करू?

सिडको_टूस्ट्रोक
बोअर करून ०.५० चा पिस्टन टाकलाय, १००० किमी झाले. कार्ब्युरेटर मूळचा मिकुनी व्हीएम २०. एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर बसवलाय, सायलेन्सर स्टँडर्डच. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतो, लिटरला २५ मिली. प्लग एनजीके बी८एचएस, म्हणजे ८ नंबर. नाशिकमध्येच सीबीएस (मुख्य बसस्टँड) ते सातपूर फिरून प्लग काढला की काळा आणि ओलसर. इगतपुरीहून परत येऊन काढला तर पांढराफटक. एक फिटर जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) वाढव म्हणतो, दुसरा कमी कर. कोणता रंग खरा?

जेट_आणि_सुई
दोन्ही खरे आहेत भाऊ, फक्त कार्ब्युरेटरच्या दोन वेगळ्या भागांबद्दल बोलतायत. मूठ पाव उघडेपर्यंत पायलट जेट (आयडलिंगचा लहान जेट), एअर स्क्रू आणि स्लाइडचा काप. पाव ते पाऊण सुई (मुठीबरोबर वरखाली होणारी). त्यापुढे मेन जेट. सिग्नलला थांबत आलेला प्लग मेन जेटबद्दल काहीच सांगत नाही.

काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. हायवेचा पांढरा आधी मिटवा, त्यात पिस्टन जाम होतो. कोन फिल्टरमुळे हवा जास्त जाते, म्हणून मेन जेट दोन साइज मोठा टाकून सुरुवात करा. फुल रेसला गाडी बडबड करत अडखळायला लागली की एकेक साइज खाली या, सुटी पळेपर्यंत. लहान जेटकडून वर चढू नका, चुकलं तर पिस्टन जातो. अजून एक खूण: फुल रेसला मूठ किंचित मागे घेतल्यावर गाडी उलट ओढ घेत असेल, तर मेन जेट अजून लहान आहे.

मग प्लग वाचा. जुन्या प्लगवर इंजिन तापवा, नवा प्लग लावा, गॅप ०.६ ते ०.७. मोकळा, सरळ, हलका चढ शोधा (मुंबई-आग्रा हायवे नको, मागून कंटेनर येतात). तिसऱ्या गिअरमध्ये फुल मूठ, ३००-४०० मीटर. मूठ तशीच धरून क्लच दाबायचा आणि त्याच क्षणी किल स्विच किंवा चावी बंद. गाडी घरंगळत थांबवायची. इथे लोक आधी मूठ सोडतात आणि मग आयडलिंगचा रंग वाचत बसतात. हेड (सिलेंडरचं झाकण) थोडं निवू द्या, गरम अॅल्युमिनियममधून प्लग ओढला तर हेडचे आटे निघून येतात. रंग कुठे पळत नाही.

चिनीमातीचं टोक पाहू नका, ते बहुतेक पांढरंच दिसतं. ती आत लोखंडाला जिथे टेकते त्या मुळाशी फिकट चहाच्या रंगाचं कडं हवं, दोनेक मिलिमीटर रुंद. कडंच नाही तर पेट्रोल कमी, काजळीचा जाड पट्टा असेल तर जास्त. टॉर्च आणि भिंगाने दिसतं. नाही दिसलं तर अंबडच्या लेथवाल्याकडून प्लगचे आटे कापून घ्या, एक प्लग जातो पण शंका उरत नाही. दोन-तीन फेऱ्या लागतात, एकात कडं नीट उमटत नाही.

गंगापूररोड
वरच्यात भर. बाहेरच्या वाकड्या पट्टीवरही रंग बदलल्याची रेघ असते. ती वाकणाजवळ असेल तर प्लगचा नंबर बरोबर. रेघ आट्यांकडे सरकली तर प्लग गरम पडतोय, टोकाकडे राहिली तर थंड. एनजीकेत नंबर मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये उलटं. गावातला काळेपणा घालवायला ७ नंबर लावण्याचा सल्ला मिळेल, हायवेवर तोच पिस्टनला भोक पाडेल.

चिनीमातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे ठिपके किंवा चकचकीत बारीक गोळ्या दिसल्या तर जेटचा खेळ थांबवा. ते डिटोनेशन (इंधनाचा अनियंत्रित स्फोट) आहे, गोळ्या म्हणजे पिस्टनचं वितळलेलं अॅल्युमिनियम. टायमिंग (ठिणगीची वेळ) तपासा.

मॅग्नेटोसाइड
जेटला हात लावण्याआधी गाडी एअर घेते (गळतीतून बाहेरची हवा ओढते) का बघा. आयडलिंगला कार्ब्युरेटर आणि रीड ब्लॉकच्या (इंजिनात जाणाऱ्या वाटेवरच्या झडपेच्या) जोडावर कार्ब क्लीनर मारा, आवाज बदलला की गळती सापडली. मूठ सोडल्यावर रेस खाली यायला वेळ लागतो, हीही तीच खूण. डावीकडचं, मॅग्नेटोकडचं (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाकडचं) क्रँक सील गेलं तर बाहेरची हवा येते आणि प्लग पांढरा. उजवीकडचं, क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल ओढतं: प्लग ओला, दाट धूर, गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत जातं. तुमचा ओला काळेपणा इथूनही येऊ शकतो. प्लगवर बोट फिरवा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, चिकट चमक म्हणजे ऑइल.

ऑटोल्यूब पंप (आपोआप ऑइल देणारा) कसा बंद केलाय? नुसती केबल काढली असेल आणि ऑइलच्या टाकीत ऑइल असेल तर तो थोडं देतच राहतो, वर तुमचे २५ मिली.

सिडको_टूस्ट्रोक
बोटाला चिकट लागतं. पंप केबल काढूनच ठेवलाय, टाकी अर्धी भरलेली.

जेट_आणि_सुई
मग गावातल्या प्लगचं अर्धं उत्तर मिळालं. पंप नीट काढून तोंड बंद करा, नाहीतर मिसळणं सोडा. दोन्ही नको. ऑइल वाढवून "गाडी सेफ" होत नाही, तेवढंच पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. चोकचा प्लंजर पूर्ण बसतोय का तेही पाहा, त्याचं रबर झिजलं की गाडी कायम चोकवर असल्यासारखी चालते.

मग एअर स्क्रू: बंद करून दीड फेरा उघडा, तिथून रेस सर्वात वर जाईल तिथे सोडा. अर्ध्या फेऱ्याच्या आत बसला तर पायलट जेट मोठा हवा, अडीचच्या पुढे गेला तर लहान.

गंगापूररोड
हे सगळं डिसेंबरच्या सकाळी करा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, मेमधल्या विरळ हवेत बसवलेला जेट थंडीत निफाडकडे निघालात की लहान पडतो. कसारा घाट उतरून कल्याणकडे गेलात तरी तेच, खाली हवा दाट. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनेही मिश्रण पातळ पडतं आणि प्लगचा रंगही फिकट येतो, त्यामुळे जुन्या लोकांचा विटकरी रंग आता शोधू नका.

आणि नवा प्लग हाताने पूर्ण बसवून मग पान्याने अर्धा फेरा. वापरलेला असेल तर घड्याळाच्या मिनिटकाट्याची पाच मिनिटं, तेवढंच.