भीमाशंकरच्या माथ्यावरची झाडं एवढी बुटकी का?

घाटवाट:
मार्चमध्ये खांडसवरून शिडी घाटाने भीमाशंकरला गेलेलो, शिड्यांवर जाम फाटली पण ते असो. एवढा धो धो पाऊस, 1985 पासून अभयारण्य, तरी वरची झाडं बुटकी नि वाकडीतिकडी का? मला वाटलेलं केरळसारखं उंचच उंच जंगल असेल. आणि ते काडीकाडीला निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके चिकटलेलं झाड कोणतं?

मंचरकर:
अंजनी ती. अंजनी, जांभूळ, पिसा ही तिथली मुख्य मंडळी, महाबळेश्वरलाही हीच. आणि बुटकी नाही होणार तर काय, माथ्यावर कातळ, त्यावर जेमतेम माती, त्यात कोकणातून चढणारा पावसाळी वारा शेंडे झोडपून काढतो. पाऊस 3000 मिमीच्या वर पडतो खरा पण चार महिन्यांत सगळा उरकतो, मग पुढे आठ महिने जवळपास कोरडे. केरळात वळवाचा आणि परतीचा पाऊसही भरपूर मिळतो, आपल्याकडे झाडाला एवढा उन्हाळा काढायचाय, ते उंच कशाला जाईल!

पानफुटी:
सरसकट बुटकी नाहीत हां. गुप्त भीमाशंकरच्या वाटेला ओढ्याच्या कडेने बघा, घळीत वारा लागत नाही आणि माती साठते, तिथे झाडं चांगली उंच आहेत. शेकरू, म्हणजे ती मोठी खार, पण अशाच गच्च जागी, फांदीच्या टोकाकडे काड्यापानांचा मोठा गोळा दिसला की ते त्याचं घरटं. तो जमिनीवर फारसा उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो, म्हणून वर छत सलग लागतं. आपण मात्र पार्किंग नि रस्ते वाढवत सुटलोय, उंची कसली मोजता, आधी सलगपणा बघा.

मंचरकर:
हे बरोबर. आणि हिरडा विसरू नका राव, आमच्याकडच्या महादेव कोळी घरांना उन्हाळ्यात बाळहिरड्याचाच, म्हणजे हिरड्याच्या वाळवलेल्या कोवळ्या फळांचाच पैसा, त्यामुळे कुऱ्हाड चालवताना माणूस हिरड्याला शक्यतो सोडतो.

घाटवाट:
भारी माहिती! उतारावर माणसाएवढी काटकुळी झुडपं होती ती कारवी का?

पानफुटी:
हो कारवीच, साधारण सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि बी धरून मरते. तिच्या काठ्यांना शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती करतात. पुढच्या वेळी आहुपेची देवराई करा, तिथली गारंबीची वेल बघाच, शेंगा हातभर लांब. फक्त जाताना गावात विचारून जा, राईतली काडीसुद्धा उचलायची नाही.