यात्रेकरू, यात्रिक की प्रवासी?

सदरची लेक
आमच्या चर्चच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पुस्तिकेचं मराठी तपासतेय. एका वाक्यावर अडलेय : ‘ख्रिस्ती माणूस आयुष्यभर यात्रेकरू असतो.’ आत्याबाईंनी वाचून विचारलं, “म्हणजे रोज कुठं जायचं?” त्यांचं चूक नाही. नागपुरात यात्रा म्हणजे रामटेक, नाहीतर श्रावणातलं नागद्वार : पचमढीची गाडी धरायची आणि चार दिवसांनी पाय सुजवून घरी. त्यात ‘आयुष्यभर’ बसत नाही. ‘प्रवासी’ करू का? पण तो शब्द वाचला की स्टेशनवरची घोषणाच कानात वाजते.

जुनी पोथी
घोषणेचं म्हणाल तर हिंदीत तिकीट काढणारा प्रत्येक जण ‘यात्री’च आहे!
ताई, ‘प्रवासी’ टाळू नका, मराठी बायबलात तोच आहे. नव्या करारातल्या दोन पत्रांत बघा : इब्री 11:13 मध्ये ‘परके व प्रवासी’, 1 पेत्र 2:11 मध्ये ‘प्रवासी व परदेशवासी’. दोन्हीकडे मूळ ग्रीक शब्द ‘पारेपिदेमोस’, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलखात काही दिवस मुक्कामाला असलेला. पेत्राच्या पत्रात त्याच्या जोडीला ‘पारोइकोस’ येतो : शेजारी राहणारा, पण गावचा हक्कदार नसलेला. बघा, चालण्याचा यात पत्ताच नाही, सगळा भर परकेपणावर. लॅटिन ‘पेरेग्रिनुस’ही आधी परदेशीच; देवस्थानाला जाणारा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला आणि इंग्रजी ‘पिलग्रिम’ त्यातूनच आला. याहून मजा ‘पॅरिश’ची. आज आपण त्याला चर्चची पक्की हद्द समजतो, पण मूळ ‘पारोइकिया’ म्हणजे उपऱ्यांचा मुक्काम.
‘यात्रिक’ हवा असेल तर तोही जुना आहे. इंग्रज लेखक जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या 1678 च्या रूपककथेचं हरि केशवजींनी केलेलं भाषांतर 1841 चं, नाव ‘यात्रिकक्रमण’.

महालचा बाबू
काऊन एवढं फिरता बाप्पा? सरळ ‘वारकरी’ म्हणा ना! यात्रेकरू घरी आला की यात्रा संपली. वारकरी मात्र आषाढी झाल्यावर शेतात नांगर धरतो तेव्हाही वारकरीच असतो. ‘आयुष्यभर’ त्यातच बसते.

जुनी पोथी
बाबूभाऊ, मुद्दा पटला, शब्द नाही. वारकरी म्हटलं की माळ आली, एकादशी आली, विठ्ठल आला. ते बाजूला सारून नुसतं चालणं उचलता येत नाही. शिवाय वारकरी पंढरपूरला जाऊन परत येतो, पुढच्या वर्षी पुन्हा जातो. इब्रीच्या 11व्या अध्यायात उलटं आहे : अब्राहाम देवानं वचन दिलेल्या देशात पोचूनही डेऱ्यातच राहतो, आणि घर मागं नाही, पुढं आहे. ‘यात्रेकरू’ मला खटकतो तो याचसाठी, त्याला परतीचं तिकीट असतं.
आणि ताई, रेल्वेमुळे ‘प्रवासी’ हलका होतो असं समजू नका. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो 1893 साली, नागपूरहून राजनांदगावला जाताना, गाडीतल्या एका युरोपीय सहप्रवाशाकडून. बाप्तिस्मा त्यानंतर, 1895 मध्ये. तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणारा हा माणूस. म्हणजे बाबूभाऊंची वारी अगदीच परकी नाही.

महालचा बाबू
मग ‘भाडेकरू’ म्हणा! करूचा करू राहिला, अन् घर आपलं नाही हेही आलं.

जुनी पोथी
हसू नका कोणी, अर्थानं ‘पारोइकोस’च्या सगळ्यात जवळ तोच आहे. पुस्तिकेत मात्र चालायचा नाही.

सदरची लेक
मथळ्यात ‘यात्रिक’ ठेवलाय, वाक्य बदललं : ‘ख्रिस्ती माणूस इथं मुक्कामाला असतो.’ आत्याबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “हां, हे समजलं. पण सामान किती घ्यायचं ते पुढं लिहिलंय ना?”