यूएक्स शिकायचंय, पण गाडी फिग्माच्या पुढे सरकेना. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरजवळच्या गावातली, डीटीपी करते. श्रीलिपी, कोरल, लग्नपत्रिका, निवडणुकीची हँडबिलं, सगळं हातातलं काम. आता यूएक्सकडे, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जाईल असं घडवण्याच्या कामाकडे वळायचंय. यूट्यूबवर बघून फिग्मा, म्हणजे ॲपच्या स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर शिकले. ऑटो लेआउट, कम्पोनंट, प्रोटोटाइप (दाबून बघता येणारा नमुना) जमतं.

पोर्टफोलिओसाठी गावच्या दूध संस्थेच्या ॲपच्या स्क्रीन केल्या. सभासदाला रोजचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि दहा दिवसांचं बिल दिसावं, एवढंच. एका मुलाखतीत दाखवल्या तर म्हणाले, "हे यूआय झालं, यूएक्स कुठंय? रिसर्च दाखवा." म्हणजे नुसतं स्क्रीनचं दिसणं झालं, वापरणाऱ्याचा अभ्यास नाही. मान्य. पण एकटीनं, पदरचे पैसे न घालता रिसर्च करायचा कसा? क्लासवाले पर्सोनाचा, म्हणजे कल्पनेतल्या नमुना यूजरचा साचा देतात: 'रमेश, वय ३५, आवड क्रिकेट.' असल्या रमेशला घेऊन मी काय करू?

म्हणून सकाळी संकलनाच्या वेळी डेअरीत जाऊन उभी राहिले. पावती हातात पडली की बायका आधी फॅट बघतात, मग रक्कम. बाकी आकड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. गाईच्या दुधाचं फॅट ३.५ च्या खाली आलं की सेक्रेटरीशी वाद ठरलेला. शिवाय बऱ्याच जणींच्या घरी स्मार्टफोन असतो पोराच्या हातात. मग माझा यूजर कोण, ती की पोरगा? आणि हे सगळं केस स्टडीत मांडायचं कसं? लाखभर फी भरून कोर्स करण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद १

ताई, डेअरीत उभं राहून टिपलंत तोच रिसर्च. केस स्टडी तिथूनच सुरू करा, स्क्रीन शेवटी येऊ देत. रमेशला सुट्टी द्या.

यूजर दोघंही. आता प्रोटोटाइप फोनवर उघडून एकेकीच्या हातात द्या, "कालचं फॅट शोधा" म्हणा आणि गप्प बसा. बोट कुठे अडतं ते लिहून घ्या. मध्ये बोलायचा मोह फार होतो, आवरा. यूएक्सचे जाणकार याकोब नील्सन म्हणतात की पाच जणांत बहुतेक अडचणी कळतात, पण ते एकाच तऱ्हेच्या लोकांबद्दल. पोरांची चाचणी वेगळी घ्या. नील्सन यांचे १० ह्युरिस्टिक्स (स्क्रीन तपासायचे ढोबळ नियम) नेटवर फुकट आहेत, ते वाचाच.

फीचं म्हणाल तर आत्ता नको. पदवी असेल तर सीईईडी ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस.ला (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) प्रयत्न करा, ते शिक्षण खरं.

प्रतिसाद २

अक्षरं मोठी ठेवा, ओळींत अंतर सोडा. इंग्रजीच्या मापानं ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. डीटीपीवाल्यांना हे सांगायला नकोच. फिकट राखाडी आकडे टाळा, मजकूर आणि पार्श्वभूमीचं कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवं. आणि सेक्रेटरीशीही बोला, वाद त्याच्याच टेबलावर होतात. प्रोटोटाइपची लिंक टाका इथेच, बघतो.