17 पाउंडरचा जयजयकार पुरे झाला आता

खंदकवासी (धागाकर्ता)
कालच्या रणगाड्यांच्या धाग्यावर ब्रिटिशांच्या रणगाडाभेदी तोफांबद्दल (2, 6, 17 पाउंडर ही नावं गोळ्याच्या ढोबळ वजनावरून) नळीपुराण लिहितात, "ब्रिटिश 1942 पर्यंत 2 पाउंडरला कवटाळून बसले, हा शुद्ध करंटेपणा. 17 पाउंडर आधी आणली असती तर उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातच निकाल लागला असता. महायुद्धातली सर्वोत्तम रणगाडाभेदी तोफ तीच." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं. म्हणून हा वेगळा धागा.

भेदकतेच्या तक्त्यात 17 पाउंडर वरच्या रांगेत बसते, कबूल. पण तक्ता ओढून न्यावा लागत नाही, तोफ लागते. वजन 3 टन. 6 पाउंडर सव्वा टनाच्याही आत, गडी मिळून ढकलून जागा बदलायचे. 17 पाउंडरचे स्पेड (मागच्या पायांचे फाळ) चारसहा गोळ्यांत जमिनीत असे रुतायचे की तोंड फिरवायचं तर आधी फावडं घ्या. शिवाय झाडल्यावर ज्वाळा आणि धुरळा एवढा, की गोळा कुठे पडला ते गनरला दिसत नाही. बाजूला उभं राहून कोणीतरी सांगावं लागायचं.

आणि ज्या सॅबोवर (वाटेत सुटून पडणाऱ्या पाकळ्यांत बसवलेला बारीक गोळा) सगळी भिस्त, तो 1944 च्या उत्तरार्धात आला. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकनांनी नॉर्मंडीत इझिनीजवळ पकडलेल्या जर्मन पँथर रणगाड्यांवर चाचण्या घेतल्या. निष्कर्ष असा की गोळा जबरदस्त, पण नेम बेभरवशाचा. सॅबोच्या पाकळ्या नीट सुटल्या नाहीत तर आतला टंगस्टनचा गाभा डगमगतो. शेवटी मझल ब्रेकचं (नळीच्या तोंडावरच्या, धक्का कमी करणाऱ्या भागाचं) भोक कोरून मोठं करावं लागलं.

नळीपुराण
सॅबो बाजूला ठेवा ना. साधा टोपीवाला गोळा (टोकावर धातूची टोपी असलेला, आपटून फुटू नये म्हणून) 884 मीटर प्रतिसेकंदाने सुटायचा आणि जर्मन टायगर रणगाड्याचं पुढचं 100 मिमी चिलखत हजार मीटरवरून फोडायचा. अमेरिकी शेरमन रणगाड्याची 75 मिमी तोफ 619 वर रेंगाळत होती. वजनाचं म्हणाल तर जर्मनांची पाक 40 ही रणगाडाभेदी तोफ 1425 किलोची, चिखलात तीही रुतायचीच. तिला कोणी नावं ठेवत नाही.

आणि ही तोफ शेरमनमध्ये बसवली तेव्हा काय काय केलं ते वाचा. रिकॉइलची (तोफेचा मागचा धक्का पेलणारी) यंत्रणा आखूड केली, ब्रीच (गोळा भरायचं मागचं तोंड) 90 अंशांत आडवा फिरवला, रेडिओ टरेटच्या (फिरत्या बुरुजाच्या) मागे पेटी जोडून त्यात टाकला, लोडरला बाहेर पडता यावं म्हणून छताला नवं झाकण कापलं, पुढच्या मशीनगनवाल्याला घरी पाठवून तिथे गोळे रचले. निकामी तोफेसाठी एवढा खटाटोप कोण करतं?

लेथवाला
"करंटेपणा" या शब्दाला माझी हरकत आहे. 6 पाउंडरचं डिझाइन युद्धाआधीच कागदावर होतं. 1940 मध्ये डंकर्कला पाचशेच्या आसपास 2 पाउंडर फ्रान्समध्ये सोडून सैन्य परतलं. समोर आक्रमणाची भीती. चालू यंत्रं थांबवून नव्या तोफेची जुळणी करायची तर मधले महिने हातात काहीच नाही. म्हणून 2 पाउंडर चालू ठेवली, आणि 6 पाउंडर नोव्हेंबर 1941 मध्ये सुरू झाली. लिबियात गझालाच्या लढाईत, मे 1942 मध्ये, ती पहिल्यांदा लढली.

तीसुद्धा पूर्ण लांबीची नाही. लांब नळी कातायला पुरेसे लेथ नव्हते, म्हणून 50 कॅलिबरऐवजी (नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या किती पट) 43 वर भागवलं. अमेरिकनांकडे लेथ होते, त्यांनी हीच तोफ 57 मिमी एम1 म्हणून लांब नळीसकट काढली. जे 6 पाउंडरला लेथ पुरवू शकत नव्हते, ते 17 पाउंडर "आधीच" कुठून आणणार होते?

बत्ती_द्या
तुम्ही नळ्या मोजत बसा. खरा गुन्हा वेगळाच: वाळवंटात 2 पाउंडरच्या रणगाड्यांना स्फोटक गोळाच दिला नाही! जून 1941, हलफाया खिंड. ब्रिटिश मटिल्डा रणगाडे समोरून चालून गेले, पुढे जर्मनांच्या पुरून ठेवलेल्या 88 मिमी तोफा. त्यांच्या गोलंदाजांवर मारायला मटिल्डाकडे काय? मशीनगन. 88 त्याच्या कितीतरी आधी हिशोब चुकता करते. मदतीला म्हणून असलेले हॉवित्झरवाले (आखूड, रुंद तोंडाच्या तोफेचे) रणगाडेसुद्धा मुख्यतः धुराचे गोळे बाळगायचे. धूर! यावर कोणी बोलेल का?

लेथवाला
40 मिमीच्या गोळ्यात मूठभर दारू. तिने पुरलेली 88 उडणार होती का?

बत्ती_द्या
तोफ उडवायची कोणाला आहे? भोवतीची माणसं खाली बसली तरी पुरे! अमेरिकनांच्या 37 मिमीला स्फोटक गोळा होता, वर छर्‍याचा कॅनिस्टरही. ते काय मूर्ख होते? मुद्दा कळत नसेल तर गप्प बसा.

लेथवाला
भाषा सांभाळा. आणि 1941 मध्ये साध्या गोळ्याचीच पंचाईत होती हे आधी वाचा. जर्मन पँझर 3 रणगाड्यावर 30 मिमी मूळ चिलखत आणि वर 30 मिमी कडक पत्रा लावला की टोपीविना गोळा आपटून फुटायचा. टोपीवाला 1942 मध्ये आला.

खंदकवासी
अहो, धागा 17 पाउंडरचा आहे.

बत्ती_द्या
तिच्याही स्फोटक गोळ्याची तीच रड. वेग एवढा की कवच जाड ठेवावं लागलं, आत दारू कमी. अमेरिकनांनी 76 मिमी आणली तेव्हाही हेच: 75 च्या गोळ्यात 0.67 किलो टीएनटी, 76 च्या गोळ्यात 0.39. पायदळाच्या मदतीला 75च हवी म्हणणारे रणगाडेवाले उगाच कुरकुरत नव्हते.

टरेट_रिंग
एक राहिलंच. 6 पाउंडर ब्रिटिश क्रुसेडर रणगाड्यात कोंबली तेव्हा टरेटमध्ये दोनच माणसं मावली. कमांडरच गोळे भरणार, तोच शत्रू हेरणार. तोफ आहे, पण डोळे नाहीत.

नळीपुराण
लेथचा मुद्दा मान्य. नाइलाजाने. "करंटेपणा" मागे घेतो, त्याजागी "दारिद्र्य" वाचावे. पण पँथर समोर उभा असताना 6 पाउंडर ढकलायला खंदकवासी स्वतः पुढे जाणार असतील तर सर्वोत्तम कोण तेही मागे घेतो.

खंदकवासी
1944 च्या जूनपासून 6 पाउंडरलाही सॅबो होता, साहेब. 17 पाउंडरच्या आधी.